मेण राखते, तेल पोसते : बुटांसाठी घरगुती मलम

माझा धंदा कापडाचा. चामड्याशी माझे नाते पायातल्या बुटापुरतेच. तरीही या वेळी बुटांवर लिहिण्याचे कारण असे की, आमच्या सोलापुरात कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून जे कामगार दिवसभर ओल्या फरशीवर उभे राहतात, बाजारात जे हमाल पावसापाण्यात गाठोडी वाहतात, त्यांच्या बुटाचा खर्च मी डोळ्यांनी पाहतो. एक जोड म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. हा जोड वर्षाच्या आत बोटांजवळ चिरतो, आणि कामगार म्हणतो, "माल हलका निघाला." दर वेळी माल हलका नसतो. पुष्कळदा चांगले कातडे उपाशी मरते. त्याला पोसायचे कसे, आणि घरच्या घरी मधमाशीच्या मेणाचे मलम कसे करायचे, हे आज सांगायचे आहे. व्यापाऱ्याने स्वतःपुरते करावे, कारागिराने जोडधंदा म्हणून करावे.

दोन चुका, दोन धडे

आधी माझ्या चुका सांगतो, म्हणजे वाचकांच्या टळतील.

२०११ च्या पावसाळ्यात माल घ्यायला भिवंडीला गेलो होतो. दिवसभर भिजलो. रात्री मुक्कामावर बूट शेगडीजवळ ठेवले, सकाळी कोरडे ठणठणीत मिळाले. पायात घातले, चार पावले चाललो आणि दोन्ही बुटांवर बोटांजवळ आडवी चीर पडली. परत आल्यावर दुकानासमोर बसणाऱ्या चर्मकार मामांना बूट दाखवले. त्यांनी कातडे चिमटीत धरून वाकवले आणि म्हणाले, "भाई, पाण्यानं न्हाई मेलं हे कातडं. शेगडीनं मेलं. आन् त्याच्या आधी वरीसभर उपाशी ठेवलं तुम्ही." पॉलिश तर मी रोज करीत होतो! ते हसले. "पॉलिश म्हंजी पावडर हो. तोंडाला लावल्यानं पोट भरतंय व्हय?"

मलम मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण दुसरी चूक पुढेच होती. उत्साहाच्या भरात बाजारातून पिवळ्या मेणाची वडी आणली, दहा डब्या भरल्या आणि ओळखीच्या हमालांना, कामगारांना पडत्या किमतीत दिल्या. महिनाभरात तक्रारी आल्या. बुटावर पांढरट थर बसतो, घडीजवळ त्याचे पापुद्रे निघतात, पाणी आत येतेच. मामांनी वडीचा तुकडा दाताखाली धरला आणि बाजूला टाकला. ते मेण म्हणजे बव्हंशी रंग दिलेले पॅराफिन होते, मेणबत्तीचे. दहाही डब्या परत घेतल्या, पैसे परत केले. नुकसान थोडे झाले, शरम मोठी वाटली. कापड घेताना बोटाने सूत चाचपणारा, इंचातले धागे मोजणारा मी. मेण मात्र डोळे मिटून घेतले होते.

कातडे चिरते का?

कमावलेले कातडे म्हणजे एक प्रकारचे कापडच समजा. फरक इतकाच की त्यात ताणा-बाणा नसतो. बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, नमद्यासारखे. बूट वाकला की हे तंतू एकमेकांवरून सरकतात. ते सरकावेत म्हणून कारखान्यात कमावणी झाल्यावर कातड्याला तेल पाजतात. हे तेल तंतूंच्या मधे राहते, म्हणून कातडे लवचिक असते.

हे तेल कायमचे नसते. पाऊस, चिखल, पायाचा घाम, साबणाचे पाणी आणि उन्हाळा, प्रत्येकजण थोडे थोडे घेऊन जातो. कातडे भिजून वाळले की तंतू एकमेकांना चिकटून ताठ होतात. मधे तेल नसेल तर पुढच्या वेळी वाकताना ते सरकत नाहीत, तुटतात. तीच चीर. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : तुटलेला तंतू कोणत्याही मलमाने जुळत नाही. मलम हे चिरण्याआधीचे काम आहे. चिरलेला जोड घेऊन येणाऱ्याला "हे लावा, बरा होईल" असे सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक फसवतो.

ओल्या कातड्याला आच लागली की नुकसान दुप्पट होते. तंतू आकसतात आणि कातडे कडक होऊन सुरकुतते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, जसे कोल्हापुरी चपलेचे, हे क्रोमने कमावलेल्या कातड्यापेक्षा आचेला लवकर बळी पडते. शेगडी, भट्टी, कडक ऊन, गाडीच्या इंजिनावरची जागा, ही सर्व ओल्या बुटाची वैरी.

आता पॉलिशची गोष्ट. डबीतले पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण, ते पातळ करणारे उडून जाणारे द्रव आणि रंग. त्याने चकाकी येते, वरवरचा ओरखडा झाकतो. ते काही वाईट नाही. पण कातड्याच्या आत पोचून तंतूंना वंगण देणे हे त्याचे काम नव्हे. ते काम मलमाचे. मलमात दोन चिजा लागतात : तेल आत जाऊन पोसते, मेण वर राहून पाणी अडवते. नुसते तेल लावले तर कातडे लिबलिबीत होते, धूळ धरते आणि पाणी अडत नाही. नुसते मेण लावले तर पाणी अडते, पण आतले कातडे उपाशीच राहते. सारी कारागिरी या दोहोंच्या प्रमाणात आहे.

मेणाची पारख

मेण कापडवाल्याला परके नाही. पूर्वी पावसासाठी कापडाला मेण पाजून मेणकापड करीत. बाटिकच्या कामात मेणाने नक्षी झाकून कापड रंगात बुडवतात. चर्मकार तर टाक्याचा दोरा मेणावरून ओढल्याशिवाय आरीला लावीतच नाही.

हे मेण कामकरी माशी आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते आणि त्याचे पोळे बांधते. आपल्याकडे पेटीत पाळतात त्या सातेरी माशीचे मेण मिळते, आणि डोंगरकड्यांवरच्या, उंच झाडांवरच्या आग्या मोहोळाचेही मिळते. महाबळेश्वर भागात मधाचा उद्योग जुना आहे. तिथले मांघर हे गाव २०२२ मध्ये राज्याचे पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सांगायचे एवढेच की, जो मध काढतो त्याच्याकडे मेण असतेच. शक्य तितके उगमाजवळून घ्यावे. हात जितके कमी, भेसळ तितकी कमी.

पारखण्याच्या काही साध्या खुणा :

पहिली खूण वासाची. खऱ्या मेणाला मधाचा, पोळ्याचा मंद वास येतो. पॅराफिनला वास नसतो, किंवा रॉकेलसारखा पुसट वास येतो.

दुसरी तुकड्याची. खरे मेण थंड असताना मोडले तर मोडलेली बाजू निस्तेज आणि कणीदार दिसते. पॅराफिन काहीसे पारदर्शक असते आणि बोटाला गुळगुळीत, घसरडे लागते.

तिसरी हाताच्या उबेची. हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत मळावा. खरे मेण हळूहळू मऊ होऊन एकजीव गोळी होते. भेसळीचे बरेचसे मेण भुगा होते, किंवा चरबीसारखे हाताला तेलकट लागते.

चौथी दाताची, मामांची. खरे मेण चावले तर दाताला चिकटून बसत नाही. चरबी किंवा राळ मिसळलेले चिकटते.

जुन्या वडीवर पांढरी धूळ दिसली तर घाबरू नये. खऱ्या मेणावर थंडीत अशी पांढरी झाक येते, ती जराशा उबेने जाते. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. चारही खुणा पाहाव्यात, आणि जवळ खात्रीच्या मेणाचा एक तुकडा नमुना म्हणून ठेवावा. नव्या मालाची तुलना त्याच्याशी करावी. आपण कापडाचा नमुना ठेवतो, तसेच.

तेल कोणते?

घरात जे आहे ते ओतायचे, हा मोह टाळावा. तेले दोन जातींची. काही तेले हवेत सुकतात आणि त्यांचा कडक पापुद्रा होतो. काही ओलीच राहतात. चामड्याला न सुकणारे तेल हवे.

जवसाचे तेल सुकते, म्हणून ते रंगकामात वापरतात. आमच्या भागात करडई घरोघर असते. तिचे तेलही सुकणाऱ्यांत मोडते. खाण्यास उत्तम, बुटाला वाईट. पहिले आठ दिवस बूट मऊ वाटेल, पुढे थर ताठ होईल. शिवाय सुकणाऱ्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गोदामाचा धंदा करणाऱ्यांनी हे विसरू नये. शेंगदाणा, सोयाबीन ही तेले कालांतराने खवट होतात. बुटाला वास येतो आणि उंदीर, झुरळे येतात.

एरंडेल सर्वांत चांगले. दाट असते, सुकत नाही, लवकर खवट होत नाही. पण त्याला कढवू नये. कच्छमधील निरोणा गावात खत्री कारागीर हेच एरंडेल फार वेळ उकळून दाट चिकट रोगन करतात, त्यात रंग मिसळून धातूच्या सळईने कापडावर नक्षी काढतात. ती सुकून कापडाला कायमची चिकटते. म्हणजे जे एरंडेल कच्चे असताना ओले राहते, तेच फार तापवले की सुकणारे बनते. कापडावर ते हवे, बुटावर नको. आच मंद ठेवायची ती यासाठीसुद्धा.

एरंडेल एकटे फार चिकट होते आणि कातड्यात हळू मुरते. म्हणून त्यात खोबरेल मिसळावे. खोबरेल पातळ, लवकर आत जाणारे. ते साधारण २४-२५ अंशांखाली गोठते, त्यामुळे थंडीत मलम थोडे घट्ट वाटेल, दोष नाही.

जमल्यास थोडे लॅनोलिन घालावे. हा मेंढीच्या लोकरीचा स्निग्ध अंश. लोकर धुताना निघतो आणि शुद्ध करून सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या दुकानांत मिळतो. तो कातड्याला चांगला धरून राहतो. नसला तरी अडत नाही.

एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी विशेष. परदेशी बनावटीच्या काही मलमांत आणि बुटांच्या चरबीत जनावराची चरबी असते. ती कोणत्या जनावराची, हे डबीवर दर वेळी लिहिलेले नसते. ज्याला त्याची चिंता वाटते त्याच्यासाठी घरच्या मलमासारखा निश्चिंत मार्ग नाही. काय घातले ते आपल्या हाताने घातलेले असते.

कृती

साहित्य वजनाने घ्यावे, वाटीने नव्हे. मेण वाटीत मोजता येत नाही, आणि प्रमाण चुकले की मलम चुकते.

मधमाशीचे मेण १०० ग्रॅम, एरंडेल १५० ग्रॅम, खोबरेल १०० ग्रॅम. एकूण ३५० ग्रॅम. हिशेबाने ५० ग्रॅमच्या सात डब्या, पण भांड्याला थोडे चिकटतेच. सातवी डबी अपुरी भरली तर आश्चर्य नको. लॅनोलिन घालायचे असेल तर २५ ग्रॅम घालावे आणि एरंडेल तितके कमी करावे.

कच्चे मेण असेल तर आधी ते साफ करावे. मेण पाण्यात टाकून मंद आचेवर वितळवावे, जुन्या धुतलेल्या मांजरपाटातून गाळावे आणि तसेच थंड होऊ द्यावे. मेण वर वडी होऊन बसते, मध पाण्यात उतरतो, कचरा वडीच्या खालच्या अंगाला चिकटतो. तो सुरीने खरवडून काढावा. वडी दोन दिवस वाळू द्यावी. पाण्याचा थेंब मलमात राहिला तर पुढे बुरशी धरते.

भांडे स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावे. लोखंड, तांबे, पितळ यांत मेणाचा रंग काळपटतो.

आता एका पातेल्यात पाणी गरम करावे आणि त्यात मेणाचे भांडे ठेवावे. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांवर वितळते, म्हणून पाणी खळखळ उकळण्याची गरज नाही. वाफ येऊ लागली की पुरे. मेणाचे भांडे सरळ गॅसवर कधीही ठेवू नये. मेण तापत जाते, उकळीने इशारा देत नाही, आणि एकदम पेटते. दुर्दैवाने पेटलेच तर पाणी ओतू नये. झाकण घालून गुदमरवावे आणि गॅस बंद करावा. पोरांना जवळ येऊ देऊ नये.

मेण पुरते वितळले की एरंडेल हळूहळू घालून ढवळावे. तेल थंड असेल तर मेणाच्या गुठळ्या होतात. त्या पुन्हा वितळेपर्यंत थांबावे. मग खोबरेल घालावे. एकजीव झाले की भांडे खाली उतरवावे.

आता परीक्षा. थंड ताटलीवर चमच्याने एक थेंब टाकावा, गोठू द्यावा आणि बोटाने दाबावा. बोटाच्या उबेने तो विरघळला, पण पातळ होऊन पळाला नाही, तर प्रमाण बरोबर. दगडासारखा वाटला तर थोडे तेल घालावे. लोण्यासारखा पसरला तर थोडे मेण घालून पुन्हा वितळवावे. ही परीक्षा डबीत ओतण्यापूर्वी करायची. ओतल्यावर पुन्हा सर्व खरवडावे लागते.

प्रमाण हवेवर ठरते. कोकणात, मुंबईकडे पावसासाठी मलम करायचे तर १०० ग्रॅम मेणाला तेल एकूण १५० ग्रॅमच घ्यावे. थर पाणी चांगले अडवतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, कातडे सुकून कोरडे पडते. तिथे वर दिलेले प्रमाण, म्हणजे १०० ला २५०, ठीक पडते. थंडीसाठी तेल आणखी थोडे वाढवले तरी चालते.

कोरड्या, स्वच्छ डब्यांत ओतावे आणि न हलवता थंड होऊ द्यावे. झाकण पूर्ण थंड झाल्यावर लावावे, नाहीतर आत घाम धरतो. डबीवर तारीख लिहावी. मेण वर्षानुवर्षे टिकते, पण तेल टिकत नाही, वर्षभरात संपवावे.

लावायचे कसे?

निम्मे लोक चांगले मलम चुकीच्या रीतीने लावून वाया घालवतात.

पहिली गोष्ट म्हणजे सफाई. लेस काढावी. वाळलेली माती ब्रशने झाडावी, ओलसर फडक्याने पुसावे. धुळीवर मलम लावले तर धूळ कातड्यात कोंडली जाते आणि ती वाळूसारखी घासत राहते.

दुसरी, वाळवणे. भिजलेल्या बुटात जुने वर्तमानपत्र कोंबावे, ते ओले झाले की बदलावे आणि बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवावेत. एक दिवस लागेल, कधी दोन. घाई करू नये. माझ्या भिवंडीच्या बुटांची आठवण ठेवावी.

तिसरी, लावणे. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी थोडे लावून पाहावे. मलमाने कातडे थोडे गडद होतेच, फिक्या रंगाचे अधिक. चालत असेल तर हरभऱ्याएवढे मलम बोटावर घ्यावे आणि गोल गोल चोळावे. बोटाची ऊब हे यातले मोठे हत्यार. बोटांजवळची घडी, जिभेचे दोन्ही कोपरे आणि शिवण यांवर विशेष लक्ष द्यावे. बूट तिथूनच मरतो आणि पाणीही तिथूनच शिरते. सोल चिकटवलेला असेल तर त्याच्या सांध्यावर आणि रबरावर मलम थापू नये. तेलाने रबर फुगते आणि चिकटवणी सैल होते.

चौथी, मुरवणे. रात्रभर ठेवावे. सकाळी वर राहिलेले फडक्याने पुसून ब्रश फिरवावा. चकाकी हवी असेल तर मग वरून पॉलिश. आधी पोट, नंतर पावडर.

रोज वापरातल्या बुटाला महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात दोनदा. जास्त लावल्याने जास्त फायदा होत नाही. कातडे ढिले पडते, आकार सोडते आणि पायाला घाम धरते.

हे मलम सर्वांना चालत नाही. मखमली पृष्ठभागाच्या स्वेड कातड्याला लावले तर त्याची लव बसते आणि डाग कायमचा होतो. काचेसारख्या चकचकीत पेटंट बुटाला आणि रेक्झिनला ते मुरतच नाही. आज बाजारात पुष्कळ बूट कातड्यासारखे दिसतात, पण वरचा थर प्लॅस्टिकचा असतो. काही वर्षांत तो आपोआप सोलून निघतो. त्यावर कोणताही इलाज नाही. ओळखायचे असेल तर कापलेली कड किंवा मागची बाजू पाहावी. कातड्याचे तंतू दिसतात, रेक्झिनच्या मागे विणलेले कापड दिसते. हे कापडवाल्याने ओळखू नये तर कोणी?

कोकणातल्या वाचकांसाठी बुरशीचे दोन शब्द. पावसाळ्यात कपाटातल्या बुटावर पांढरे दिसले तर ते बुरशीही असू शकते आणि मेण-चरबीचा उमाळाही. त्या जागी थोडी ऊब द्यावी, हाताने चोळावे. उमाळा विरघळून जातो, बुरशी जात नाही. बुरशी असेल तर बूट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावा, मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मे निम्मे करून फडके त्यात भिजवून, पिळून फिरवावे. आधी आतल्या बाजूला रंग जातो का ते पाहावे, आणि विस्तवापासून दूर राहावे. चांगले वाळल्यावरच मलम लावावे. ओल कोंडून मलम लावणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे.

विकायचे झाल्यास

चर्मकार, जोडे दुरुस्त करणारे, बुटांचे छोटे दुकानदार यांना हा जोडधंदा सहज जमणारा आहे. भांडवल थोडे, जागा थोडी. पण हिशेब पक्का हवा.

मेणात घट असते, हे आधी धरावे. समजा कच्चे मेण किलोला ६०० रुपयांनी घेतले; हा आकडा केवळ हिशेबासाठी, बाजारभाव नव्हे. गाळून ८०० ग्रॅम हाती आले. म्हणजे मेण ६०० ने नव्हे, ७५० ने पडले. पुष्कळ जण इथेच बुडतात. त्यात तेल, गॅस, डबी, चिठ्ठी आणि आपली मजुरी मिळवावी. मजुरी न धरता किंमत ठरवणारा कारागीर आपल्याच घरातून गिऱ्हाईकाला पैसे देत असतो.

डबीबंद माल विकायचा तर वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात. डबीवर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे लिहावे लागते. बनवणाऱ्याची नोंदणीही करावी लागते. वैधमापन कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्यावे. दंड भरण्यापेक्षा एक फेरी स्वस्त. वजनकाटा तपासून शिक्का मारलेला असावा.

प्रत्येक घाण्यातली एक डबी तारीख घालून स्वतःजवळ ठेवावी. तक्रार आली तर तीच डबी उघडून पाहता येते. आणि डबीवर "वॉटरप्रूफ" लिहू नये. हे मलम पाणी अडवते, पण बूट पाण्यात बुडवून ठेवला तर पाणी आत जाणारच. जितके काम तितकेच बोल.

माझ्या पहिल्या दहा डब्या परत आल्या, त्यानंतर मामांनी आणि मी मिळून नवे मलम केले. त्या दहा जणांना एकेक डबी फुकट दिली आणि लावायची रीत त्यांच्यासमोर करून दाखवली. त्यांतला एक रंगकामगार दुसऱ्या वर्षीचा पावसाळा त्याच जोडावर काढून दुकानात आला. काही बोलला नाही, पाय पुढे करून बूट दाखवला. तळ झिजला होता, वरचे कातडे मात्र शाबूत होते. मामांनी त्याला नवा तळ ठोकून दिला, आणि नव्या जोडाचे पैसे त्याच्या घरातच राहिले.